कोंबडीच्या पाण्यातले गव्हले

आक्का, तुम्हाला कावळा एका मिनिटात शिवला.

मी घड्याळ बघत होते म्हणून सांगते. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवला, मोठे भाऊजी चार पावलं मागं सरले, आणि समोरच्या झाडावरचा एक कावळा घिरटीसुद्धा न घेता सरळ खाली आला, चोच मारली आणि गेला. शेजारी दुसऱ्या घरचे लोक तासभर ताटकळले होते. त्यांच्या गेलेल्या म्हातारीला कुणी धाकट्याचं लग्न करतो म्हणत होतं, कुणी म्हैस विकत नाही म्हणत होतं, आणि त्यांचा कावळा फांदीवर ढिम्म. तुमचा बघून आपल्या गल्लीतल्या चौगुलेवहिनींनी हात जोडले. म्हणाल्या, "काय पुण्य बाई! आक्कांचं म्हणून काही मागं राहिलं नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काही राहिलं नाही? माझं एक वाक्य राहिलं होतं तुमच्याकडं. चार वर्षं मी त्याची वाट बघितली. आणि तुम्ही सगळं आटोपल्यासारख्या निघून गेलात, त्या कावळ्यालाही थांबवलं नाहीत! सगळ्यांनी नमस्कार केला तसा मीही केला. मनात काय बोलले ते तिथं सांगण्यासारखं नव्हतं. ते आता सांगते. तुम्हाला आता मधे बोलता येणार नाही, हे बरंच आहे.

एकतीस वर्षं आपण एका घरात काढली, सांगलीच्या गावभागात. तुम्ही थोरल्या जाऊ, मी धाकटी. तुम्ही कराडजवळच्या खेड्यातल्या, मी कोयनानगरच्या धरणाच्या कॉलनीतली. "कॉलनीत वाढल्याली हाय, हिला काय कळतंय सोवळंओवळं," हे तुमचं पहिलं वाक्य माझ्याबद्दल, आणि तेही मला ऐकू जाईल अशा बेतानं. आमच्याकडं जमीन हलायची, फळीवरची भांडी खाली यायची, म्हणून आम्ही फळीच्या कडेला लाकडी पट्टी ठोकायचो. या घरात आले त्या वर्षी तुमच्या फळ्यांनाही मी सुतार बोलावून पट्ट्या ठोकून घेतल्या. तुम्ही हसलात. "सांगलीत कुठं भूकंप?" पण पट्ट्या काढल्या नाहीत. माझी एवढीच एक गोष्ट तुम्ही न बोलता ठेवून घेतलीत.

तुमच्या गळ्यात तुळशीची माळ. त्यामुळं आमचं मटण-कोंबडी मागच्या पडवीत, वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या भांड्यांत. डावसुद्धा वेगळा. मला त्याचं कधी ओझं वाटलं नाही. माळ तुमची, जीभ आमची, मधे एक दार. सत्तावीस वर्षं मी ते दार पाळलं. एकदा सोडून.

गव्हले मला तुम्ही शिकवलेत, हे नाकारत नाही. रवा-मैदा दुधात भिजवायचा, बोटाच्या पेरावर मावेल एवढा कण घ्यायचा, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत फिरवायचा, आणि गव्हाच्या दाण्याएवढा दाणा सुपात पाडायचा. टोकं सुईसारखी, पोट भरलेलं. माझे पहिले गव्हले बघून तुम्ही सुपाला नाक लावलंत आणि म्हणालात, "उंदीर फिरून गेला का काय गं?" सगळ्या बायका खोखो हसल्या. मी त्या हिवाळ्यात रोज दुपारी वाटीभर पीठ घेऊन बसले. पुढच्या वर्षी आपल्या गल्लीत माझ्याइतका भरभर आणि माझ्याइतका बारीक हात कुणाचा नव्हता. तुमचाही नव्हता. कुणाच्या घरी लग्न निघालं की मुहूर्ताच्या गव्हल्यांना पाच सवाष्णी बसवतात, त्या पाचांत माझं नाव पहिलं. मला बाकी काही येत नाही आक्का. गाणं नाही, भरतकाम नाही, गोड बोलणं तर अजिबातच नाही. ही दोन बोटं होती.

मग मी इटलीला गेले. माझ्या लेकीच्या, स्नेहलच्या बाळंतपणाला, तुरीनला. निघताना तुम्ही दोन किलो डिंकाचे लाडू बांधून दिलेत आणि वर टोमणा: "तितं काय मिळतंय बाळंतिणीला? पाव?" लाडू विमानतळावर उघडायला लावले, पण सुटले. तिथं खालच्या मजल्यावर पिनाबाई राहायच्या. ऐंशीच्या पुढच्या, गुडघे गेलेले, जीभ तुमच्याहून तिखट. स्नेहल दवाखान्यातून घरी आली त्या दिवशी त्या पातेलं घेऊन धापा टाकत जिना चढल्या. कोंबडीचं पाणी. अख्खी कोंबडी, दोन गाजरं, एक कांदा, सेलरीचे दोन देठ, मीठ, आणि तीन तास मंद आच. ना आलं, ना लसूण, ना तिखट. मला वाटलं, बाईनं कोंबडीला अंघोळ घालून ते पाणी आणलंय. आणि त्यात बारीक दाणे सोडलेले. चमच्यात घेऊन मी ते खिडकीशी धरून बघितले. आक्का, गव्हले होते ते! कारखान्यातले, पण गव्हले. टोकं निमुळती, पोट भरलेलं.

त्यांची भाषा मला येईना, माझी त्यांना. मी वाटीत मैदा भिजवला आणि एक दाणा वळून त्यांच्या तळहातावर ठेवला. पिनाबाईंनी चष्मा लावून तो बघितला, मग माझी बोटं हातात घेऊन ती उलटसुलट करून बघितली, जशी काही सोन्याची आहेत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आपल्या शेगडीशी उभं केलं. खळखळून उकळू द्यायचं नाही. कडेला बुडबुडा आला की आच कमी. वर फेस येईल तो काढत राहायचा, गुऱ्हाळात मळी काढतात तसा. मग गाळायचं, मांस सोडवून धागे करायचे, आणि दाणे शेवटी. आठवड्यानं मलाच तिथं ताप भरला. पिनाबाईंनी तेच पाणी आणलं. तीन वाट्या प्यायले आणि ढसाढसा रडले. तुमची आठवण आली म्हणून नाही, उगाच चढून जाऊ नका.

परत आले तेव्हा तुमच्या वैजूचं लग्न ठरलेलं. महिनाभरावर तारीख. मुहूर्ताचे गव्हले आपण पाचजणींनी ओसरीत बसून केले, बरणीत भरले आणि तुम्ही बरणीच्या गळ्याला हळदीत भिजवलेला दोरा बांधलात. त्याच आठवड्यात आमच्या ह्यांना टायफॉइड झाला. अंगात त्राण नाही, तोंडाला चव नाही, वरणभात बघून तोंड फिरवायचे. मी हनीफभाईंकडून गावठी कोंबडी आणली आणि पडवीत ते पाणी चढवलं. सेलरी सांगलीत कुठली मिळायला, ओव्याची दोन पानं टाकली. तुम्ही दारात उभ्या राहून नाकाला पदर लावून बघत होता. "हळद न्हाई? सांगलीत ऱ्हाऊन? असलं पांढरंफटक पाणी बघूनच आजारी माणूस डोळं मिटंल." मी म्हटलं, इटलीत असंच करतात. "मग इटलीतच ऱ्हायाचं हुतंस," म्हणालात आणि गेलात.

तिकडून आणलेली दाण्यांची पाकिटं संपली होती. हे सलग तीन दिवस वाटीभर प्यायले, चौथ्या दिवशी नुसतं पाणी दिलं तर म्हणाले, "आज दाणे नाहीत?" आजारी माणूस स्वतःहून काही मागतोय, पंधरा दिवसांत पहिल्यांदा. मी कोंबडी सोडवत होते. हात पदराला पुसला, धुतला नाही. तशीच उठून स्वयंपाकघरात आले. फळीवर दोन बरण्या. रोजचीत पोरकिडे झालेले. दुसरीच्या गळ्याला दोरा. आंधळी नाही मी, दोरा मला दिसला. दिसला, सोडला, आणि मूठ भरली. म्हटलं, मूठभरानं काय होतंय, आणि मूठभर तर माझ्याच बोटांचे असतील यात. मूठ बाहेर काढून वळले तर समोर तुम्ही.

तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं. माझा हात बघितलात, पडवीतलं पातेलं बघितलंत. "बाटली बरणी," म्हणालात. "आता ही लग्नाला चालायची न्हाई, आन् सवाष्णीच्या हातची म्हणून टाकताबी यायची न्हाई." त्याच संध्याकाळी मी तुमच्या पाया पडायला आले. तुम्ही पाय मागं घेतलेत. तेही मला मंजूर. चूक माझी होती, धडधडीत होती.

पण पुढं दहा दिवसांनी ते लग्न मोडलं, आणि त्याचं खापर तुम्ही कुणावर फोडलंत?

चैत्रातलं हळदीकुंकू होतं, आपल्याच ओसरीत. मी पन्ह्याचं ताट घेऊन दारातून येत होते. चौगुलेवहिनींनी तुम्हाला हळूच विचारलं, "का हो मोडलं आक्का, एवढं चांगलं स्थळ?" आणि तुम्ही हळू बोलला नाहीत. गल्लीतल्या सगळ्या बायकांदेखत, गव्हल्यांना बसलेल्यांदेखत, माझ्याकडं बोट करून म्हणालात, "ह्या धाकटीनं माझ्या लेकीचं लगीन कोंबडीच्या पाण्यात शिजवलं." एकही पेला मी सांडू दिला नाही. सगळ्यांना पन्हं दिलं, तुम्हालाही दिलं, आणि मग पडवीत जाऊन बसले.

त्यानंतर आपल्या गल्लीत सात लग्नं झाली. मला एकाही घरी गव्हल्यांना बोलावलं नाही. कुणी वाईट बोललं नाही हो! फार गोड बोलल्या सगळ्या. "तुम्ही आपल्या जेवायलाच या." दोन वर्षांनी वैजूचं लग्न झालं, तेव्हा माझ्या स्वतःच्या घरात, ओसरीत पाचजणी बसून गव्हले वळत होत्या आणि मी आत काकड्या चोचवत होते. मला त्यांचं सगळं ऐकू येत होतं. कुणाचे तरी जाड होत होते म्हणून हसत होत्या.

त्या लग्नाच्या आधी वैजू आणि मी स्कूटीवरून मार्केट यार्डात हळद आणायला गेलो होतो. हळदीच्या पोत्यांमधे उभी राहून ती पोरगी रडायला लागली. मला आधी वाटलं, हळदीनं डोळे चुरचुरले. म्हणाली, "काकू, पहिलं लग्न मीच मोडलं. मीच त्या मुलाला फोन करून नाही म्हणाले. मला राजेशशीच करायचं होतं." राजेश म्हणजे कराडच्या कॉलेजातला तिचा सोबती, आणि आता ठरलेला नवरदेव. मी म्हटलं, बरं केलंस, पण आईला कळलं तर? ती म्हणाली, "आईला मी त्या फोनच्या आदल्या दिवशीच सांगितलं होतं. आईनंच सगळं जुळवलं. मधला माणूस घातला, राजेशच्या घरून स्थळ सांगून आलंय असं केलं. तिकडं कुणाला काही माहीत नाही. काकू, तुला माझी शपथ आहे."

म्हणजे हळदीकुंकवाच्या दिवशी तुम्हाला माहीत होतं! पन्ह्याचा पेला माझ्या हातून घेताना माहीत होतं. पोरीनं नाही म्हटलं असं बाहेर गेलं असतं तर पोरीला नाव ठेवलं असतं लोकांनी, दुसरीकडं जुळणं अवघड झालं असतं. म्हणून लोकांच्या तोंडावर फेकायला काहीतरी पाहिजे होतं, आणि मी होते पदराला हात पुसून उभी. चोर सोडून संन्याशाला फाशी, असंही म्हणता येत नाही मला. गव्हले मी चोरलेच होते. पण फाशी दुसऱ्याच गुन्ह्याची झाली.

आणि वर ती बरणी! दर वैशाखात तुम्ही ती फळीवरून काढायचा, सुपात ओतायचा आणि गच्चीच्या कठड्यावर उन्हात ठेवायचा, बरोबर माझ्या पापडांच्या शेजारी. कीड लागू नये म्हणून. वापरायचे नाहीत, टाकायचे नाहीत, आणि कीडही लागू द्यायची नाही. संध्याकाळी परत बरणीत, परत दोरा, परत फळीवर, माझ्या पट्टीच्या आड. चार वैशाख! लेकीचं लग्न झालं, लेक सुखानं नांदायला लागली, तरी तुमचा पुरावा आपला उन्हं खातोय.

तुमच्याशी मी तेव्हापासून कामापुरतंच बोलायची. गॅसवाला आलाय. भाऊजींचा फोन आहे. तुम्हीही तेवढंच. घरात चार माणसं आणि भिंतींना बोलायची पाळी.

मग तुमच्या घशाचं ते दुखणं निघालं. घट्ट काही उतरेना. पेज, मुगाचं पाणी, परत पेज. तुमचं लुगडं कमरेला राहीना तेव्हा मीच आतून परकराची नाडी आवळून द्यायची, न बोलता. जायच्या आठ दिवस आधी, सकाळी, तुमच्या खोलीत मी केर काढत होते. तुम्ही म्हणालात, "धाकटे."

चार वर्षांत पहिल्यांदा. माझा केरसुणीचा हात थांबला.

"ते तुझं इटलीचं पाणी करशील का? दाणं घालून. कोंबडी नगं."

मी म्हटलं, "कोंबडीशिवाय ते होत नाही."

"गाजराचं कर. कांद्याचं कर. मुगाचा वास आला तरी वकारी येती गं."

आक्का, मी तेव्हा काय करायला पाहिजे होतं ते शेंबड्या पोरालाही कळेल. मी केरसुणी भिंतीला लावली, तुमच्या पलंगाशी उभी राहिले, आणि सौदा केला. म्हटलं, "करते. आधी त्या पाचजणींना बोलावते. त्यांच्यासमोर एवढंच म्हणा, वैजूचं पहिलं लग्न धाकटीमुळं मोडलं नाही. कुणामुळं मोडलं ते सांगू नका. माझ्यामुळं नाही, एवढंच. मग रोज करते, दिवसातनं चारदा करते."

मला वैजूनं सांगितलंय हे त्या क्षणी तुम्हाला कळलं, हे मला तुमच्या तोंडावर दिसलं. मला वाटलं, आता म्हणतील. वैजू सासरहून आलेली, पोटुशी, पाचवा महिना, तुम्हाला काय दिसत होतं कोण जाणे. तुम्ही भिंतीकडं तोंड केलंत.

"मग ऱ्हाऊं दे," म्हणालात. "मुगाचं हाय की."

आणि मी राहू दिलं! मीही तुमचीच जाऊ. दुसऱ्या दिवशी मनात आलं, करून टाकावं. गाजरं घरात होती. पण म्हटलं, वाकू दे एकदा. आयुष्यात एकदा वाकू दे. तिसऱ्या दिवशीही तेच. आठव्या दिवशी सकाळी मोठे भाऊजी खोलीतून बाहेर आले आणि ओसरीत बसले.

अहेव गेलात. तिथंही मान तुमचाच. हिरवं लुगडं नेसवलं, कपाळभर कुंकू, आणि ओटी भरायला धाकटी जाऊ म्हणून मलाच पुढं केलं. तांदूळ घातले, खण घातला, नारळ घातला. बायका म्हणत होत्या, काय भाग्य, काय भाग्य. मी तुमच्या कानाशी वाकले होते ते सगळ्यांना वाटलं रडायला. मी तुम्हाला विचारत होते की आता काय करू.

तेराव्याला घर भरलेलं. गोडाचं जेवण, बुंदीचे लाडू. त्याच पाचजणी एका ओळीत ओसरीत जेवायला बसलेल्या, पलीकडं वैजूची सासू, बाकी पै-पाहुणे. मी वाढत होते. वैजू खांबाला धरून उभी राहिली. तोंड पांढरं, डोळे सुजलेले. म्हणाली, "मला सगळ्यांना एक सांगायचंय. काकूबद्दल. आईनं त्या हळदीकुंकवाला जे म्हटलं होतं ना, ते..."

सगळे हात ताटात थांबले. आक्का, हीच ती वेळ. चार वर्षं मी जिची वाट बघितली ती माझ्या ओसरीत उभी होती, त्याच बायका, तीच जागा, आणि माझ्या हातात लाडवांचं ताट. मी वैजूच्या तोंडाकडं बघितलं. मग तिच्या सासूकडं बघितलं. बाईनं मान वर करून कान टवकारले होते. घास हातात तसाच.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, मोठ्यानं, "काय सांगणार आहे ती? मी सांगते. मुहूर्ताचे गव्हले मी कोंबडीत घातले. हातसुद्धा धुतला नव्हता. आक्का बोलल्या ते बरोबर बोलल्या. झालं? लाडू घ्या."

चौगुलेवहिनी म्हणाल्या, "जाऊ द्या हो, माणूस गेलं. आता कशाला त्या गोष्टी." वैजूची सासू म्हणाली, "हो ना," आणि घास तोंडात घातला. वैजू खांबाशीच उभी. तिला मी दंडाला धरून पडवीत नेलं. "का गं काकू?" म्हणाली. मी म्हटलं, "गप. जेवून घे, पोटात पोर आहे." अजून काय सांगणार होते?

तेव्हा मला कळलं, तुमच्या तोंडून माझं नाव कसं निघालं असेल ते. विचार करून नाही. पोरगी समोर दिसली, लोक दिसले, आणि हाताला जे लागलं ते पुढं केलंत. माझ्या हाताला लागायला मीच होते, तुमच्याही हाताला मीच. पण कळलं म्हणजे माफ केलं असं समजू नका! अजिबात समजू नका. तुम्ही त्याच दिवशी, बायका गेल्यावर, पडवीच्या दारात येऊन एवढं म्हणायचं होतंत, "धाकटे, तुझं नाव घेतलं. पोरीसाठी घेतलं. सांभाळून घे." मी घेतलं असतं, आक्का. जन्मभर घेतलं असतं. पापडांच्या शेजारी ती बरणी मीच रोज उन्हात ठेवली असती. एवढा विश्वास नव्हता माझ्यावर? सत्तावीस वर्षं तुमचं दार पाळणाऱ्या बाईवर? याचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत, आणि ज्याला विचारावं तो कावळा तर एका मिनिटात उडून गेला.

काल चौदावा दिवस. पाहुणे गेले. वैजूच्या पोटात पाणी ठरत नव्हतं. मला म्हणाली, "काकू, ते तुझं सूप कर ना." मी म्हटलं, दाणे नाहीत. ती उठली, स्टुलावर चढायला लागली म्हणून मी ओरडले, तर म्हणाली, "मग तू चढ. पण तीच बरणी काढ. आता कुणासाठी ठेवायची?" पट्टीच्या आडून मी बरणी काढली. दोरा सोडला. आत कीड नव्हती. एक दाणा काळा पडला नव्हता. तुमचं काम चोख, हे तुमच्या दुष्मनालाही म्हणावं लागेल, आणि ती मी आहेच.

कोंबडी पडवीतच चढवली, तुमच्या ओट्यावर नाही. हात दोनदा धुतला, साबणानं. तीन तासांनी वैजू दोन वाट्या प्यायली, खाली बसून, पाय लांब करून. "पिवळं दिसतंय," म्हणाली. मी म्हटलं, चिमूटभर हळद घातली, तुझ्या आईची भुणभुण डोक्यातून जात नव्हती.

ती झोपल्यावर मी आत आले. तुमच्या ओट्यावर, तुमच्या छोट्या पातेल्यात दोन गाजरं, एक कांदा, ओव्याचं पान आणि हळद घालून पाणी ठेवलं. गाळलं. बरणीत राहिलेले गव्हले त्यात सोडले. वाटी घेऊन गच्चीवर गेले आणि कठड्यावर ठेवली, तुम्ही गव्हल्यांचं सूप उन्हात ठेवायचा तिथंच. एक कावळा टाकीवर बसला होता. त्यानं वाटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि बसून राहिला. मी म्हटलं, ये की. आता ये की मेल्या. ऊन उतरेपर्यंत तिथं उभी होते. तो आला नाही.

शेवटी मीच प्यायले. गार झालं होतं, दाणे फुगले होते, पण चव चांगली होती. कोंबडीशिवाय होतं ते, आक्का. आणि सगळं मिळून अर्धा तास लागला.